पालक सोडण्याआधी: ऑक्झलेट, पालेभाज्या आणि मुतखडा

सोनोग्राफीत खडा दिसला की पहिला बळी पालकाचा जातो. मग टोमॅटो, मग बिया असलेलं काहीही, आणि कुणीतरी पाठवलेली 'खाऊ नका'ची यादी हाती लागली की सगळ्याच पालेभाज्या बंद. दुसऱ्या टोकाला असतात ती धडधाकट माणसं, जी आरोग्यासाठी म्हणून रोज सकाळी दोन मुठी कच्चा पालक मिक्सरमध्ये फिरवून पितात. पहिल्यांचं घाबरणं अनाठायी आहे आणि दुसऱ्यांचा निर्धास्तपणाही. दोघांनाही ऑक्झलेट हा शब्द नवा असेल असं धरून इथे सुरुवातीपासून सांगतो.

आधी थोडं समजून घ्या

ऑक्झलेट हा एक रासायनिक पदार्थ आहे आणि वनस्पती तो स्वतःच्या सोयीसाठी बनवतात. पेशीत जास्तीचं झालेलं कॅल्शियम बांधून ठेवायला त्याचा उपयोग होतो आणि पान कुरतडणाऱ्यांना दूर ठेवायलाही. अळूची पानं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पालक खाल्ल्यावर दातांवरून जीभ फिरवली तर खडूसारखं काहीतरी खरखरीत लागतं, तेही ऑक्झलेटमुळेच असं मानतात.

भाजीत ते दोन रूपांत असतं. कॅल्शियमशी आधीच जोडलेलं ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक तसंच शौचावाटे निघून जातं. सोडियम किंवा पोटॅशियमसोबत असलेलं ऑक्झलेट मात्र विरघळतं आणि आतड्यातून रक्तात शिरतं ते मुख्यतः हेच. खाल्लेल्यापैकी शोषला जाणारा वाटा साधारण 5 ते 15 टक्के असतो. म्हणजे थोडाच. पण आपल्या शरीराला ऑक्झलेट मोडता येत नाही, त्यामुळे रक्तात गेलेलं जवळपास सगळं मूत्रपिंडांनाच लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं. लघवी घट्ट असेल आणि तिथे त्याला भरपूर कॅल्शियम भेटलं, तर दोघांचे स्फटिक बनतात आणि ते एकमेकांना चिकटून वाढत गेले की खडा. मुतखड्यांपैकी सुमारे 80 टक्के कॅल्शियमचे असतात आणि त्यांतले बहुसंख्य कॅल्शियम ऑक्झलेटचे.

आता यादीवाले सांगत नाहीत ती गोष्ट. लघवीतलं सगळं ऑक्झलेट ताटातून आलेलं नसतं. यकृत स्वतःही ते तयार करतं, आणि क जीवनसत्त्वाचं विघटन होतानाही ते बनतं. त्यामुळे ताटातून ऑक्झलेट पुरतं हद्दपार केलं तरी लघवीतलं शून्यावर येणार नाही. आतड्यात ऑक्झलोबॅक्टर फॉर्मिजेनीस नावाचा एक जिवाणू काहींच्या नशिबी असतो. तो ऑक्झलेटवरच जगतो, म्हणजे आपला भार परस्पर हलका करतो. अँटिबायोटिक्सच्या मोठ्या कोर्समध्ये तो मरू शकतो. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकालाच खडा का होतो, याचं थोडं उत्तर इथे आहे.

पायरी 1: आपण कोणत्या गटात बसतो ते ठरवा

खडा कधी झालेला नाही, मूत्रपिंडं व्यवस्थित आहेत, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली नाही? मग ऑक्झलेटचे मिलिग्रॅम मोजायची गरज नाही. पालेभाज्या आलटून पालटून खा आणि पाणी नीट प्या. अमेरिकेतल्या आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मोठ्या पाहण्यांचा हिशेब 2007 साली मांडला गेला. सर्वाधिक ऑक्झलेट खाणाऱ्या पुरुषांना खड्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा जेमतेम 20 टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला. त्या लोकांच्या पोटात जाणाऱ्या ऑक्झलेटपैकी 40 टक्क्यांहून जास्त एकट्या पालकातून येत होतं. पुढे 2009 साली याच पाहण्यांत असंही दिसलं, की भाज्या, फळं, कडधान्यं आणि कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर असलेला, मीठ कमी असलेला आहार घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण 40 ते 45 टक्क्यांनी कमी होतं. त्या आहारात ऑक्झलेट जास्त असूनही! भाजीतलं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि लघवीत वाढणारं सायट्रेट खड्याच्या विरोधात काम करतात. भाजी म्हणजे केवळ ऑक्झलेटची पुडी नव्हे.

एकदा किंवा अनेकदा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा झालेला असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

तिसरा गट छोटा आहे, पण खरी काळजी त्यानेच घ्यायची. वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेले, क्रोन्ससारखा आतड्यांचा आजार असलेले, चरबी नीट न पचणारे लोक यात येतात. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते, ऑक्झलेट बांधायला कॅल्शियम उरत नाही आणि मोकळं राहिलेलं ऑक्झलेट भसाभस शोषलं जातं. यकृतातच ऑक्झलेट बेसुमार तयार होण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजारही आहे. लहान मुलाला वारंवार खडे होत असतील तर डॉक्टर त्याचा विचार करतात. या गटातल्या कुणीही लेख वाचून स्वतःचा आहार ठरवू नये, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच चालावं.

पायरी 2: खडा कशाचा होता ते शोधा

हे न करताच भाजी सोडणारे सर्वांत जास्त. खडा युरिक ॲसिडचा असेल तर पालक सोडून हाती काही लागणार नाही. तिथला प्रश्न मांसाहार आणि लघवीची आम्लता यांचा. जंतुसंसर्गामुळे होणारा खडा तर निराळंच प्रकरण. म्हणून लघवीतून खडा पडला तर तो टाकून देऊ नका. त्रासाच्या दिवसांत लघवी बारीक गाळणीतून गाळा, हाती आलेला कण कोरड्या स्वच्छ डबीत ठेवा आणि तपासणीला द्या. तो मोहरीएवढा असला तरी चालतो.

खडे पुन्हा पुन्हा होत असतील तर 24 तासांची लघवी तपासून घ्या. ऐकायला कटकटीचं वाटतं, पण अंदाजाने सोडलेल्या दहा पदार्थांपेक्षा हा एक अहवाल जास्त सांगतो. पद्धत अशी. ठरलेल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या कॅनमध्ये जमा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उठल्यावरची लघवी त्यात घातली की झालं. एक वेळ जरी चुकली तरी आकडे फसवे येतात, म्हणून घरीच असाल असा दिवस निवडा. मात्र त्या दिवशी मुद्दाम शहाण्यासारखं खाऊ-पिऊ नका. रोजचं जे आहे तेच तपासायचं आहे.

अहवालात लघवी एकूण किती झाली, कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, सोडियम आणि युरिक ॲसिड किती, हे पाहतात. ऑक्झलेट दिवसाला साधारण 40 ते 45 मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक मानतात. ते आटोक्यात असेल आणि कॅल्शियम किंवा सोडियम वर गेलेलं असेल, तर तुमचा गुन्हेगार पालेभाजी नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वंही ऑक्झलेटवर मर्यादा घालायचा सल्ला लघवीत ते जास्त आढळलेल्यांनाच देतात.

पायरी 3: पालेभाज्यांची दोन ढिगांत वाटणी करा

'हिरवी म्हणजे ऑक्झलेटवाली' हे समीकरण चूक आहे. पानापानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जास्त ऑक्झलेटच्या ढिगात पालक सर्वांत वर. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 600 ते 1000 मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. जात आणि मोजण्याची पद्धत यांप्रमाणे आकडा याहून वरही जातो. बीटची पानं, स्विस चार्ड, माठ-राजगिरा, चाकवत, घोळ, चुका आणि अळू हेही याच बाजूचे. रुबार्बची पानं तर विषारीच, त्याचे फक्त देठ खातात आणि त्यांतही ऑक्झलेट बरंच असतं.

कमी ऑक्झलेटच्या ढिगात केल (kale, कोबीच्या कुळातली एक पालेभाजी), कोबी, पाक चोय आणि लेट्यूस. केलमध्ये 100 ग्रॅमला 20 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पालकाऐवजी केल किंवा कोबी घेतला तर एका फटक्यात बहुतेक काम होतं, आणि ताट हिरवंच राहतं.

वेगवेगळ्या याद्यांत आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. पान कोवळं की जून, कच्चं की शिजलेलं, वजन कसं केलं, यावर आकडा हलतो. भाजी कोणत्या ढिगात आहे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दशांशचिन्हापर्यंत हिशेब ठेवणाऱ्यांचा उत्साह महिन्याभरात मावळतो असं माझं मत आहे.

आणि पानांपुरतंच पाहू नका. पालक बंद करून त्या जागी रोज मूठभर बदाम खाणारे कमी नाहीत. 28 ग्रॅम बदामांतून 120 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्झलेट येतं. बीट, रताळं, काजू, कोको, गव्हाचा कोंडा, सोया आणि काळा चहा हेही बेरजेत धरायचे. टोमॅटो मात्र उगाच बदनाम आहे, त्यात ऑक्झलेट अगदी कमी. बियांमुळे खडा होतो या समजुतीलाही आधार नाही.

पायरी 4: भाजी उकळा आणि पाणी ओतून द्या

जास्त ऑक्झलेटची भाजी आवडत असेल तर ती कायमची सोडायचं कारण नाही. विरघळणारं ऑक्झलेट पाण्यात उतरतं, त्याचाच फायदा घ्यायचा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या भाज्या उकळून पाहिल्या, तेव्हा विरघळणारं ऑक्झलेट 30 ते 87 टक्क्यांनी कमी झालं. वाफवल्यावर 5 ते 53 टक्के. परतल्यावर किंवा भाजल्यावर ते जवळपास तिथेच राहतं, कारण जायला वाटच नसते.

पानं निवडून, धुऊन, जाडसर चिरा. चिरल्यामुळे पाण्याला आत शिरायला जागा मिळते. मोठ्या पातेल्यात भाजी मोकळेपणाने हलेल इतकं पाणी खळखळून उकळू द्या आणि मगच पानं टाका. थोड्याच वेळात पाणी हिरवट होऊ लागतं, पानं मलूल होऊन खाली बसतात. पान बोटांत सहज दबलं की गॅस बंद करा, भाजी चाळणीत ओता आणि चमच्याच्या पाठीने दाबून पाणी निथळवा. हे पाणी ओतून द्यायचं. 'सगळं सत्त्व त्यात आहे' म्हणून तेच पाणी सूपमध्ये किंवा कणकेत घातलं तर जे काढलं तेच पुन्हा पोटात गेलं. क जीवनसत्त्व आणि फोलेटचा काही वाटा या पाण्यासोबत जातो हे खरं, पण ते फळांतून आणि कमी ऑक्झलेटच्या भाज्यांतून भरून काढता येतात.

कुकरमध्ये वाटीभर पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत आटवणं म्हणजे ऑक्झलेटच्या दृष्टीने काहीच न करणं. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालायची सवय असेल तर तीही मोडा. त्याने सोडियम वाढतं, आणि सोडियम काय करतं ते पुढे येईलच.

उकळूनही पालक कमी ऑक्झलेटच्या ढिगात जाऊन बसत नाही. मुळात आकडा इतका मोठा, की निम्मा केला तरी मोठाच. लघवीत ऑक्झलेट जास्त असलेल्यांनी तो उकळूनसुद्धा कधीतरी आणि थोडाच घ्यावा.

पायरी 5: त्याच जेवणात कॅल्शियम घ्या

इथे बहुतेकांचं डोकं उलटं चालतं. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद! होतं नेमकं विपरीत. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला गाठतं, दोघं मिळून न विरघळणारा क्षार बनतात आणि तो शौचावाटे जातो. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि मग लघवीत जातं.

हे नुसतं तर्कावर उभं नाही. 1993 साली 45 हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत, आहारातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले. 2002 साली इटलीतल्या संशोधकांनी वारंवार खडे होणाऱ्या आणि लघवीत कॅल्शियम जास्त असलेल्या 120 पुरुषांचे दोन गट केले. 60 जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्या 60 जणांना नेहमीइतकं, म्हणजे दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या 12 जणांना.

तेव्हा दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून, दोन-तीन जेवणांत विभागून घ्या. पालेभाजीच्या जेवणात वाटीभर दही किंवा पेलाभर दूध असावं. चीजमध्येही कॅल्शियम भरपूर असतं, पण मीठही, तेव्हा जपून. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणासोबत घ्यायच्या का, हे विचारून घ्या. उपाशीपोटी घेतलेली गोळी आतड्यात ऑक्झलेटला भेटतच नाही, उलट लघवीतलं कॅल्शियम तेवढं वाढवते.

याच रसायनामुळे 'पालकातून कॅल्शियम मिळतं' हा हिशेबही कोसळतो. मोजमापांत पालकातलं कॅल्शियम जेमतेम 5 टक्के शोषलं गेलं, दुधातलं सुमारे 27 टक्के. ऑक्झलेट कमी असलेल्या केलचं तर 40 टक्क्यांच्या घरात.

पायरी 6: पाणी आणि मीठ

भाजीवर तासभर वाद घालणारा माणूस दिवसभरात तीन पेले पाणी पितो, हे चित्र नेहमीचं आहे. लघवी दिवसाला किमान अडीच लिटर व्हायला हवी. पाणी किती प्यायलात हे मोजण्यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा, कारण उष्म्यात आणि कष्टाच्या कामात बरंच पाणी घामावाटे जातं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या एका प्रयोगात, पहिला खडा झालेल्यांपैकी जास्त पाणी पिणाऱ्या गटात 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत 27 टक्क्यांना. रात्री झोपण्याआधीही पेलाभर प्या. लिंबू पिळलेलं पाणी सायट्रेटसाठी चांगलं, फक्त त्यात मीठ-साखर ओतू नका.

मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियमसोबत कॅल्शियमही लघवीत सोडतं. दिवसाचं सगळं मिळून एक छोटा चमचाभर मीठ ही मर्यादा धरा. यात लोणची, पापड, बिस्किटं आणि पाकिटबंद पदार्थांतलं मीठही आलं.

हिरवे स्मूदी आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या

कच्च्या पानांचा रस ही एकच गोष्ट अशी, जिथे मी स्पष्टपणे 'नको' म्हणेन. शिजवलेली भाजी माणूस वाटीभर खातो. रसात त्याच्या कितीतरी पट पानं मावतात, पाणी ओतून दिलेलं नसतं आणि सोबत कॅल्शियमही नसतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत 65 वर्षांच्या बाईंनी 'शरीरशुद्धी'साठी असे हिरवे रस घेतले आणि ऑक्झलेटने त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन त्या डायलिसिसवर गेल्या. त्यांची पूर्वी जठराची बायपास झाली होती आणि नुकताच अँटिबायोटिक्सचा लांबलेला कोर्सही. म्हणजे धोक्याच्या दोन गोष्टी आधीच जमलेल्या होत्या. सरसकट घाबरायचं कारण नाही, पण आपल्यात असं काही आहे का हे आधी पाहावं. शिजवलेल्या भाजीने असं सहसा होत नाही.

क जीवनसत्त्वाच्या एक ग्रॅमच्या गोळ्या रोज घेण्याचीही सवय असते. स्वीडनमधल्या पुरुषांच्या 2013 च्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. फळांतलं क जीवनसत्त्व खुशाल घ्या. गोळ्या मात्र खडा झालेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल तर

रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम मंदावलं की वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर वरचे सल्ले जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे पोटॅशियम आणि पाणी हे दोन्ही प्रश्न येतात, आणि भरपूर पाणी पिणं काहींना घातकही ठरू शकतं. उकळून पाणी टाकल्याने पोटॅशियमही कमी होतं, एवढा दुहेरी फायदा मात्र आहे. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून विकतात त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, ते टाळा. स्टार फ्रूट या फळाला हातही लावू नका. त्यातलं ऑक्झलेट आणि मेंदूवर परिणाम करणारं विषारी द्रव्य अशा रुग्णांच्या जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नये. के जीवनसत्त्व कमी-जास्त झालं की औषधाचा डोस चुकतो.

कधी थांबायचं नाही, कधी पुन्हा तपासायचं

कुशीत कळ येऊन सोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबत नाहीत किंवा एकच मूत्रपिंड असताना दुखू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर तासांचा प्रश्न असतो.

एरवी आहारातला बदल लागू पडतोय की नाही हे वाटण्यावर सोडू नका. सुरुवात केल्यापासून सहा महिन्यांच्या आत 24 तासांची लघवी पुन्हा तपासा आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. ऑक्झलेट उतरलं असेल तर बंद केलेल्या भाज्यांपैकी एखादी, उकळून आणि दह्यासोबत, पुन्हा सुरू करता येईल का हे त्याच भेटीत विचारा.